धरणे आणि सोडणे

रुग्णवाहिकेचा चालक म्हणून इस्पितळात सारे त्याला ‘भोंगा’ म्हणत, आणि त्याचा आवाजही या नावाला जागणारा होता. एका रुग्णाला दूरच्या शहरी पोहोचवून परतताना त्याने तिथल्या मैदानावर तेरा-तेरा जणांचा रग्बी लीगचा सामना पाहिला. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरे काही शिरेना. त्याचे स्वतःचे गाव फुटबॉलचे. तिथे चेंडू हातात घेणारा एक तर गोलरक्षक असे, नाही तर अपराधी.

तरीही त्याने संघ उभा केला. खेळाडू इस्पितळातलेच: रुग्णांना स्ट्रेचरवरून खाटेवर आणि खाटेवरून खुर्चीत हलवणारे मामा. अंगात ताकद, पकड पक्की. पण आकडा अकराच्या पुढे सरकेना. मैदान समितीने रविवारची सकाळ एका अटीवर दिली होती: पुढच्या महिन्यापासून स्वतःचे तेरा खेळाडू उतरवा, नाही तर ती वेळ पुन्हा फुटबॉलला.

“अहो, तेरा माणसं आपल्या लग्नालाही धड जमली नव्हती,” बायको म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात होती आणि चिखलाने माखलेल्या जर्सी तीच धूत असे. तेव्हा बोलण्याचा हक्क तिला होताच.

त्याची नजर होती कॅन्टीन चालवणाऱ्या वहिनींच्या दोन तरुण मुलांवर. दोघेही गोदामात पोती वाहणारे, धिप्पाड. पण वहिनींनी विषय केव्हाच मिटवला होता: “हाडं मोडून घ्यायला मी त्यांना वाढवलं नाही, भाऊजी.”

अट लागू होण्याआधीचा शेवटचा सामना शेजारच्या शहराशी ठरला. कमी पडणारे दोन खेळाडू पाहुण्यांनीच उसने दिले. बायकोच्या आग्रहाखातर वहिनीही मुलांसह येऊन बसल्या.

या खेळात चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडायचे आणि लगेच सोडायचे; तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, खेळ पुढे चालतो. पाडण्यात मामांनी कसूर केली नाही. सोडणे मात्र त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हते. पडणाऱ्याच्या पाठीखाली एक हात जाई, कमरेखाली दुसरा, आणि माणूस नीट टेकल्याची खात्री होईपर्यंत दोन्ही तिथेच राहत. पंच शिट्ट्या वाजवून थकले.

“मामा, सोडा हो,” पाहुण्यांचा कर्णधार खालून म्हणाला, “मी ॲडमिट नाही झालोय.”

“पाठ ठीक आहे ना?” मामांनी विचारले, आणि मगच सोडले.

त्या शिट्ट्यांपायीच सामना हातचा गेला. भोंगा चिखलाने माखलेल्या जर्सी गोळा करत होता. वहिनी जवळ आल्या.

“तुमच्या खेळात पडणाऱ्याला असं सांभाळतात?”

होय म्हटले असते तर काम झाले असते. “नाही, वहिनी. इतकं धरून ठेवणं नियमात बसत नाही. म्हणून तर हरलो.”

“आणि पडताना आधार देणं?”

“त्याला कोणाची ना नाही.”

वहिनींनी मुलांकडे पाहिले. “माझ्या पोरांना नुसतं टाकायची सवय. ती तुमच्या मामांना सोडायला शिकवतील. मामांनी त्यांना टेकवायला शिकवावं.”

पुढच्या रविवारी समितीच्या माणसाने डोकी मोजली आणि वहीत तेरा लिहून घेतले. सरावात धाकट्याने एका मामांना धप्पकन खाली टाकले.

“अरे, ते पोतं नाही, मामा आहेत,” वहिनींनी मैदानाबाहेरून सुनावले.

“राहू द्या, वहिनी,” मामा जमिनीवरूनच म्हणाले. “सोडलं मात्र वेळेवर.”