फाळक्यावरचं तोंड

एलोयदाच्या मागल्या दारातनं अंगणात यायचं तर माणसाला आडवं व्हावं लागायचं. पोट आत ओढायचं, पाठ भिंतीला घासायची, मग कुठं ऊन अंगावर पडायचं. कारण दाराच्या तोंडाशीच एकावन्न सालची शेव्हरोले पिकअप ठिय्या देऊन बसलेली. एक नाही, दोन नाही, एकोणीस वर्षं.

तिच्या नवऱ्यानं, बेलार्मिनोनं, ती कुणाच्या तरी खुराड्यातनं ओढून आणली होती. आणली तेव्हा हौद्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. "दोन वर्सांत पुरी करतो," म्हणाला. मग गाडी भिजू नये म्हणून त्यानं वर पत्र्याची शेड घातली. शेडीनं स्वयंपाकघराची खिडकी झाकली आणि एलोयदा भर दुपारी दिवा लावून घेवडा निवडायला लागली. बेलार्मिनो दर शनिवारी पत्रा ठोकायचा, खळग्यांत पुट्टी भरायचा, घासायचा. पुढच्या शनिवारी मनाला येईना म्हणून सगळं खरवडून टाकायचा. मेला तोही गाडीखालीच. पाय तेवढे बाहेर. एलोयदा ते पाय दोनदा ओलांडून कपडे वाळत घालून आली, तिसऱ्यांदा तिला शंका आली.

त्याचा धाकटा भाऊ त्रांकिलिनो. मातीच्या एकाच साच्यातनं काढलेल्या दोन विटा म्हणावं असे हे भाऊ. तोच जबडा, तीच मिशी, तीच बसकी मान. थोरल्यानं बोलायचं कमी आणि धाकट्यानं त्याचं राहिलेलं सगळं बोलून टाकायचं, एवढाच काय तो फरक. दफनाच्या वेळी खड्ड्याच्या काठावर उभा राहून त्यानं छाती बडवली, "दादा, तुजी गाडी आमी पुरी करतो! फुडच्या सान इसिद्रोला मिरवनुकीत पैली तीच आसंल!" सान इसिद्रो म्हणजे आमचा शेतकऱ्यांचा संत, मेच्या मध्याला त्याचा सण.

सगळ्यांनी एलोयदाकडं बघितलं. तिनं मान हलवली. नवरा खड्ड्यात असताना बाईनं दुसरं काय करायचं?

त्या मान हलवण्यानंच तिला बांधून घातलं. कारण तिचा बेत वेगळा होता, आणि तो फक्त शेजारणीला, म्हणजे माझ्या बायकोला ठाऊक होता, कुंपणावरनं सांगितलेला. थोरली बहीण पुएब्लो शहरात, उत्तरेकडं चार तासांवर. बहिणीच्या घरात खोली रिकामी, तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात जागा निघालेली. जूनच्या आत ये, नाहीतर दुसरी बाई घेतील, असा निरोप. गाडी आहे तशी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि निघायचं.

पण माणसं यायला लागली. एकानं इंजिन आणलं, एकानं ओकच्या फळ्या, कुणी गादीसाठी द्राक्षाच्या दारूच्या रंगाची मखमल. पुढचे दोन दिवे मी दिले, तेव्हा मीही त्यातलाच. खालचा सांगाडा कापला, कमानपाटे काढले, गाडी जमिनीपासून चार बोटांवर आणली; आमच्याकडं मिरवायची गाडी अशी बसकीच लागते. रंगाचे सतरा हात दिले. वाळल्या मिरचीची साल उन्हात धरली की आतनं जसा लाल पेटतो, तसा तो रंग. बेलार्मिनोला जन्मात जमलं नाही ते आम्ही सात जणांनी सात महिन्यांत केलं, आणि दर शनिवारी सातांना जेवायला एलोयदानं घातलं.

"वैनी, आज तिखट कमी पडलं बरं का!" त्रांकिलिनो ओरडायचा.

"तिखट न्हाई कमी पडलं, भावजी. थिनर हुंगून तुमची जीब मेलीया."

एकदा वाढता वाढता तिनं चाचपून बघितलं. "गाडी पुरी झाल्यावं ठिवायची कुटं?"

"कुटं म्हंजे? हितंच! तिचं घर हाय ह्ये."

"आन मी कुटं गेले तर?"

सगळे हसले. त्रांकिलिनोला ठसका लागला. "तू कुटं जातीस, वैनी? पाटाच्या पल्याड कवा गेलीस का?"

ती पुन्हा आत गेली, आडवी होऊन.

हेही एक वेळ चाललं असतं. पुरी झालेली गाडीसुद्धा विकता येते. पण आमच्यात गेलेल्या माणसाचं तोंड गाडीवर रंगवतात, आणि तोंड रंगवलं की गाडी विकत नाहीत, परगावी हलवत नाहीत. विधवेनं ती पुसायची, जपायची आणि प्रत्येक मिरवणुकीत, लग्नात, मयतीत पुढच्या सीटवर बसायचं. गल्लीतल्या क्लेओफास म्हातारीचा नवरा असा बावीस वर्षं मोटारीच्या बॉनेटवर आहे. बावीस वर्षांत म्हातारी एक रात्र कुठं परगावी राहिलेली नाही. "ह्याला येकटं कुनाच्या भरवशावर टाकू?" म्हणते.

एप्रिल संपता संपता रंगारी अबेनिसियो आला. हौद्याच्या मागच्या फाळक्यावर तोंड काढायचं ठरलं. त्यानं फोटो मागितला.

"फोटोंची पेटी भैनीकडं ऱ्हायलीया," एलोयदा म्हणाली.

पुढच्या शनिवारी म्हणाली, "होते त्ये उंदरानं खाल्ले."

"आगं, लग्नातला तरी आसंल!" त्रांकिलिनो वैतागला.

"लग्नात त्येंनी डोळं मिटलं हुतं."

फोटो सगळे पिठाच्या डब्याच्या तळाशी होते. माझ्या बायकोनं स्वतः बघितले होते आणि मलाही गप्प बसायला सांगितलं होतं.

शेवटी अबेनिसियोनंच गाठ सोडवली. ब्रश त्रांकिलिनोच्या नाकासमोर धरून म्हणाला, "फोटोचं काय घिऊन बसलाय? जिता फोटो फुड्यात हुबा हाय की!"

झालं. त्रांकिलिनोला भावाची टोपी घातली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसवला. दोन दिवस बसवला. त्याची बायको प्रुदेंसिया कुंपणावर कोपर टेकून मजा बघायची. "आसा गप जलमभर बसला आसता तर मी सोन्याची झाले आसते गं बाई!"

एलोयदा दोन्ही दिवस आत होती. दारातनं बघावं तर फाळक्याला बांधलेली चादर आणि तिच्याआड हलणारा अबेनिसियोचा हात. आज सांगते, आता सांगते, असं तिनं माझ्या बायकोजवळ चारदा म्हटलं. कुणाला आणि काय सांगणार? सात जणांनी घाम गाळला होता, तोही फुकट. शिवी देणाऱ्याला उत्तर देता येतं. उपकार करणाऱ्यापुढं माणसाचं तोंड शिवल्यासारखं होतं.

सान इसिद्रोच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी गल्ली अंगणात गोळा झाली. रीत अशी, की घरच्या माणसानं रंगाला हात न लावता बघायचं आणि "तोच हाय" म्हणायचं. मगच रंगारी वरचं वार्निश मारतो. अबेनिसियोनं चादर ओढली.

मी बघितलं ते सांगतो. तो बेलार्मिनो होता. डावा डोळा किंचित बारीक, पत्र्याची कड सरळ आहे का हे जोखताना तो करायचा तसा. त्रांकिलिनोनं जन्मात काही सरळ केलेलं नाही, त्याला तो डोळा कुठनं असणार? अबेनिसियोची बेलार्मिनोशी तीस वर्षांची ओळख. समोर बसवला धाकटा, पण हातानं काढला थोरला. खाली जन्माची तारीख, मरणाची तारीख. क्लेओफासनं छातीवर क्रूस काढला. त्रांकिलिनो टोपीत तोंड घालून रडायला लागला.

मग सगळ्यांनी एलोयदाकडं बघितलं. दफनाला बघितलं होतं तसंच.

ती पुढं झाली. वाकून तिनं तोंड न्याहाळलं. ओल्या रंगावर माशी बसली, ती तिनं हातानं वारून उडवली. मग मागं वळली आणि म्हणाली, "ह्ये तर भावजी हायती."

"वैनी, नीट बघ गं."

"नीटच बघतीया. सत्तावीस वर्सं उशाला घिऊन झोपले, मला सांगता? ह्यो माजा न्हवं. दोन दिस बादलीवं कोन बसलं हुतं?"

कोण बसलं होतं ते सगळ्या गल्लीनं बघितलं होतं. अबेनिसियो ब्रश पुसायला लागला. जिता फोटो त्यानंच शोधला होता. आम्ही सहा जण बुटांकडं बघत राहिलो. बायको आहे ती. ती नाही म्हणते तिथं आपण हो कसं म्हणायचं?

प्रुदेंसिया मात्र कुंपण ओलांडून आली. "माज्या जित्या नवऱ्याखाली मरनाची तारीख? फुसा आदी! आत्ताच्या आत्ता फुसा!"

"फोटो दे, वैनी," त्रांकिलिनो काकुळतीला आला. "परत काडू."

"फोटो न्हाई."

मिरवणूक दुसऱ्या दिवशी. तारखा पुसल्या, तोंड राहिलं. गाडी ठरल्याप्रमाणे पहिली निघाली आणि पुढच्या सीटवर प्रुदेंसिया बसली, कारण तोंड ज्याचं त्याचीच बायको तिथं बसणार. पाद्र्यानं पाणी शिंपडलं. मिरवणूक संपल्यावर गाडी वळली ती त्रांकिलिनोच्या अंगणात. दुसरीकडं कुठं जाणार? आता ती त्याला विकताही येत नाही.

एलोयदाशी लोक बोलायचे थांबले. नवऱ्याला ओळख दिली नाही, म्हणत. दुकानात ती आली की बायका पाव चिवडत बसत. माझी बायकोसुद्धा कुंपणाशी जाईना. डब्यातले फोटो तिनं बघितले होते ना. मेच्या शेवटी एलोयदानं एकटीनं घर आवरलं, एकटीनं खिडक्यांना फळ्या ठोकल्या.

पोचवायला आला तो त्रांकिलिनोच. त्याची रोजची मोटार पिकअपच्या मागं अडकलेली, म्हणून पिकअपच घेऊन आला. दोन पिशव्या आणि एक खोकं हौद्यात टाकलं. बसथांब्यावर त्यानं फाळका खाली पाडला, सामान उतरवलं, फाळका पुन्हा वर लावला.

"वैनी, आता हितं कोन न्हाई. खरं सांग. त्योच हाय न्हवं?"

तिनं पिशव्या उचलल्या. खोकं बगलेत मारलं.

"तुमीच बसला हुता की, भावजी."

बस आली, ती चढली. सुटेपर्यंत तो खाली उभा राहून एकेक खिडकी बघत होता. ती पलीकडच्या बाजूला बसली होती.