श्रेणी कमी करून मिळणेबाबत

नेवाशात कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे अर्ज माझ्या हाताखालून जातात. नाव दुरुस्त करून मिळणेबाबत, उतारा मिळणेबाबत, रस्ता मिळणेबाबत. पोटच्या पोरीची श्रेणी कमी करून मिळणेबाबत मात्र एकही अर्ज कधी आला नव्हता. तो मलाच लिहावा लागला.

माझी लेक तिसरीत होती. प्रगतिपत्रकात मराठीला अ-१ आणि खाली गुरुजींच्या देखण्या अक्षरात ‘स्पष्ट व प्रवाही वाचन करते.’ मी ते सगळ्या नातेवाइकांना मोबाईलवर पाठवलं होतं. मग एकदा स्टँडवर तिला बसची पाटी वाचायला सांगितली. ‘नगर,’ ती म्हणाली. बस शेवगावची होती. पुढची दाखवली, तीही नगर. त्यापुढची श्रीरामपूरची, तीही नगरच. तिच्या मते त्या दिवशी नेवासं सोडणारा प्रत्येक माणूस नगरलाच चालला होता. मी हसले, आणि मग पाट्या दाखवायचं थांबवलं.

अशा मुलांसाठी शाळेत विशेष शिक्षिका येतात, हे मला दुकानातच कळलं, कुणाच्या तरी कागदावरून. एकट्या बाईंकडे ढीगभर शाळा. आमच्या वाट्याला महिन्यातला एक गुरुवार. तो मी पकडला. बाई भल्या होत्या. त्यांनी आधी यादी पाहिली, मग प्रगतिपत्रक, मग माझ्याकडे.

“ताई, शाळेनं नाव दिल्याशिवाय मला तपासता येत नाही. आणि कागदावर तर तुमची मुलगी माझ्यापेक्षा बरं वाचते.”

मग मुख्याध्यापक. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा वाचला.

“ताई, मार्क वाढवा म्हणून रोज कुणीतरी येतंय. कमी करा म्हणणाऱ्या तुमीच पहिल्या.”

“सर, तिला वाचता येत नाही.”

“मंग? आमी कधी बोललो का तिला? कधी हात लावला? पहिल्या बाकावर बसवतो. लई गुणी पोरगी हाय.”

खरंच होतं ते. शाळेनं तिला कसलाच त्रास दिला नव्हता, वाचनाचासुद्धा. निकाल शंभर टक्के होता. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं की वरूनही कुणी काही विचारत नसे. मी तीनदा अर्ज दिला आणि तिन्ही वेळा पोच घेतली. पोच घेणारी बाई आहे म्हटल्यावर सर नरमले. “येऊ द्या मॅडमना. त्यांच्यापुढंच वाचून दाखवंल पोरगी.”

पुढच्या गुरुवारी ऑफिसात सर, बाई, मी आणि मधे लेक. सरांनी स्वतः पुस्तक उघडून दिलं. पोरीनं पानाकडे पाहिलं आणि सुरू झाली. कुठेही अडखळली नाही. स्वल्पविरामाला थांबत होती, प्रश्नाला आवाज चढवत होती. सर तर टाळी वाजवायच्या बेतात होते. आणि मी सख्खी आई, देवाजवळ मागत होते की ती चुकू दे. स्वतःची लाज वाटली मला.

बाईंनी भलतंच पान उघडलं. नुसती अक्षरं. लेकीनं पान वरखाली पाहिलं, मग माझ्याकडे.

“मम्मी, ह्या पानावर चित्र न्हाई.”

“मॅडम, तो धडा अजून झालेला न्हाई,” सर घाईनं म्हणाले.

बाईंनी यादीत नाव लिहिलं. घरची म्हैस विकताना माणूस जसा सही करतो, तशी सरांनी खाली सही केली.

मला हवं ते मिळालं होतं. बाहेर पडल्यावर लेक मात्र माझा हात न धरता पुढं पुढं चालत होती. पायऱ्यांपाशी थांबली.

“मी चुकले ना?”

“नाही गं. आता त्या बाई तुला वाचायला शिकवणार. हळूहळू.”

“मंग आता शेजारच्या ताईकडून धडा वाचून घ्यायचा न्हाई? रोज पाठ करायचा न्हाई?”

“नाही.”

तिनं दप्तर खाली टाकलं आणि पायरीवर बसली. पहिलीपासूनचा एकेक धडा तिनं असा डोक्यात वाहिला होता आणि मला पत्ता नव्हता. मी तिच्या शेजारी बसले. तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं.

“मम्मी, लई दमले मी.”