फळ्यावरचं पाणी

दर बुधवारी सकाळी सिंधुबाई गावातल्या बारा विहिरींत टेप सोडायची. टेपच्या टोकाला लोखंडी वजन. ते पाण्याला लागलं की हाताला कळायचं, तळाला टेकलं की पुन्हा कळायचं. मधलं अंतर ती ग्रामपंचायतीपुढच्या फळ्यावर खडूनं लिहायची: कुणाच्या विहिरीत किती फूट पाणी. आधी या कामाला शहादेव नावाचा एक बहाद्दर नेमला होता. उन्हात हिंडायचं म्हटल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याची कंबर धरली. मग दहावी पास बाई, त्यातून बौद्ध वस्तीतली, म्हणून पाणी समितीनं सिंधुबाईला घेतलं. तिनं तीन वर्षांत एक बुधवार चुकवला नाही, सासरा गेला त्या आठवड्यातसुद्धा.

पाणी अडवायचं काम सुरू झालं तेव्हा अख्ख्या गावानं माळावर श्रमदान करून चर खांदले होते. सिंधुबाईला पाट्या भरून द्यायला बायनाबाई होती. माळापल्याड अर्धा एकर आणि एक विहीर, एवढाच संसार असलेली एकटी म्हातारी. दोघींच्या हाताला एकाच दिवशी फोड आले. मग ग्रामसभेत ठराव झाला, की ओढ्याच्या अंगाला कुणी नवा बोअर घ्यायचा नाही, कारण वस्तीची प्यायच्या पाण्याची विहीर तिथंच. समितीचे अध्यक्ष राधाकिशन आण्णांनी डोळ्यांत पाणी आणून भाषण केलं. सगळ्यांचे हात वर. हात वर करायला काय पदरचं जातंय?

पाणी मात्र आलं, बरं का. वस्तीच्या विहिरीत ऐन चैतात कधी नव्हे ते बावीस फूट! सिंधुबाईला एवढा आनंद झाला, की तिनं त्या आकड्याभोवती लाल खडूनं गोल काढला. इथंच चुकलं. तिला वाटलं, पाणी दिसलं की माणसं ते जपतील. भोळी ग बाई! पाणी दिसलं की माणसं मशीन बोलावतात.

आण्णांचा थोरला बजरंग फळ्यापुढं आला, मोबाइलवर फोटो काढला. आठ दिवसांत वस्तीच्या विहिरीपासून दोनशे पावलांवर, त्यांच्या बांधाला बोअरची गाडी उभी. पाणी लई लागलं, नारळ फुटला आणि तीन एकर ऊस लागला.

सिंधुबाई समितीपुढं गेली. आण्णांनी आधी चहा मागवला. मग सांगितलं, की हा नवा बोअर नाही, जुन्याचीच दुरुस्ती आहे. जुना कधी होता, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. सदस्य आपले कपातल्या चहाकडं बघत बसले. शेवटी आण्णा गोड आवाजात म्हणाले, "सिंधू, पाणी कुठं हाय ते तूच तर दावलंस की."

हे तिच्या जिव्हारी लागलं. त्यात खोटंही काही नव्हतं. बाविसाचे सोळा झाले, सोळाचे नऊ, मग वजन नुसतं चिखलात रुतायला लागलं. वस्तीतल्या बाया तिच्याच नावानं बोटं मोडायला लागल्या. तिनं घरोघर फिरून सह्या घेतल्या आणि तालुक्याला अर्ज दिला: ठराव मोडून घेतलेला बोअर बंद करा.

त्याच आठवड्यात ती बायनाबाईच्या विहिरीवर गेली. ही विहीर ओढ्यापासून लांब, बजरंगच्या बोअरची झळ तिला नव्हती. चौदा फूट पाणी. पण म्हातारीनं तिचा हातच धरला. शेजारचा भगवानराव बोअर कुठं घ्यावा म्हणून परवा फळा वाचून गेला होता.

"पोरी, वस्तीला लागंल तेवढं पाणी ने," बायनाबाई म्हणाली. "पर फळ्यावर कोरडी लिही. मला ही एकच हीर हाय."

सिंधुबाईनं कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. फळ्यापुढं बराच वेळ ती खडू धरून उभी राहिली. मग लिहिलं: बायनाबाईची विहीर, कोरडी. त्या दिवसापासून वस्तीतल्या बाया गुपचूप माळापल्याडनं हंडे आणायला लागल्या.

चौकशीला साहेब आले. वस्तीच्या विहिरीत डोकावले, बोअर बघितला, आणि म्हणाले की तक्रारीत तथ्य दिसतंय. सिंधुबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आण्णा त्यांना फळ्यापुढं घेऊन गेले. बायनाबाईच्या नावावर बोट ठेवलं आणि पटवून दिलं, की ही विहीर माळापल्याड, आमच्या बोअरचा हिच्याशी काडीचा संबंध नाही, तरी आटलीच ना? पाऊसच कमी पडला, बोअरला कावून दोष देता? उन्हात माळ ओलांडून ती विहीर बघून यावी, असं साहेबांना वाटलं नाही.

"बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?" त्यांनी विचारलं.

गर्दीत मागं बायनाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. तिच्या शेजारीच भगवानराव, कान टवकारून. खरं सांगावं तर म्हातारीची विहीर जाणार, न सांगावं तर वस्तीची.

"व्हय," सिंधुबाई म्हणाली. "मीच लिव्हलंय."

अर्ज तिथंच निकाली निघाला, आणि बजरंग उसाला पाणी द्यायला गेला.