सासऱ्यांची चूळ

परभणी जिल्ह्यात शंकांचं पीक सगळ्यात भरघोस कुठं येत असेल, तर ते पिंगळीला, माझ्या सासऱ्यांच्या डोक्यात. त्याला ना पाऊस लागतो, ना खत, आणि बाराही महिने ते उभंच असतं. सासरे भिक्षुकी करतात. पूजेला पाटावर बसले की हा माणूस एका अक्षराला अडखळत नाही. यजमान, यजमानीणबाई आणि निम्मं गणगोत एकाच वेळी काहीबाही विचारत असलं तरी मंत्र न थांबवता नुसत्या बोटानं सगळ्यांना उत्तरं देतात. पण पाटावरून उठून चपला पायात घातल्या, की जगातली एकही गोष्ट त्यांना खात्रीची वाटत नाही. बसवर जिंतूरची पाटी असते, तरी ते कंडक्टरला विचारतात, मग शेजारच्या प्रवाशाला विचारतात, आणि बस सुटल्यावर मला फोन करून विचारतात की ही जिंतूरलाच जाईल ना. मी परभणीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळं गूळ काळा का पडतो इथपासून ते फ्रीजमधलं पाणी एकादशीला चालतं का इथपर्यंत सगळं माझ्याच खात्यात जमा होतं. वाईट एवढंच, की त्यांच्याशी थोडा वेळ बोललं की मला जे कळत होतं तेही कळेनासं होतं.

मागच्या वर्षी या शंका त्यांच्या तोंडात शिरल्या. त्याचं असं झालं, की संध्याकाळी ओसरीवरच्या बाकावर सासरे आणि सासूबाई शेजारी शेजारी बसून चहा घेतात, ही त्या घरातली फार जुनी रीत. दिवसभरात कुणाकडं काय झालं ते सासरे सांगतात, सासूबाई ऐकतात. एके दिवशी सासूबाई कप घेऊन उठल्या आणि समोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही तिथंच. सासऱ्यांनी कारण विचारलं नाही. बसच्या पाटीवर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसाला इथं मात्र आतून पक्की खात्री पटली, की आपल्या तोंडाला वास येतो. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "इतक्या वर्षांत कधी उठून गेली न्हाई ती. आता माझ्याजवळ बसवंना गेलंय तिला." मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते जागच्या जागी विरलं. त्या दिवसापासून ते घरात बोलताना उपरण्याचं टोक तोंडावर धरायला लागले.

मग माउथवॉश आणायचं ठरलं. मेडिकलच्या दुकानात फळीवर निळ्या, हिरव्या, जांभळ्या बाटल्या होत्या. कोणती देऊ, असं दुकानदारानं विचारल्यावर सासऱ्यांनी त्यालाच उलट विचारलं, की यातली सात्त्विक कोणती. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, मी बाटल्यांकडं पाहिलं. शेवटी निळी घेतली, कारण ती बघूनच जरा दरारा वाटत होता. घरी गेल्यावर खरा गोंधळ सुरू झाला. बाटलीवर लिहिलं होतं, की चूळ टाकल्यावर लगेच पाण्यानं तोंड धुऊ नये. सासरे तर तोंडात लवंग घातली तरी नंतर खळखळून चूळ भरणारे. तसं न करता राहायचं म्हणजे तोंड उष्टं राहिलं, आणि उष्ट्या तोंडानं देवघरात कसं जायचं? म्हणून ते निळं औषध थुंकून लगेच तांब्याभर पाण्यानं तोंड धुवायचे. त्यानं सगळं औषध वाहून जातं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, ते खरं, पण मग तोंड शुद्ध झालं ते औषधानं की पाण्यानं?

झरीला एका वास्तुशांतीला गेले तेव्हा त्यांनी बाटली पिशवीतून सोबत नेली. पूजेआधी चूळ भरताना बाटली ओठांना लागून उष्टी होऊ नये, म्हणून घरामागं जाऊन त्यांनी ते औषध तळहातावर ओतलं. आता ज्या तळहातावर आयुष्यभर आचमनाचंच पाणी आलं, त्याला हे निळं पाणी काय ठाऊक? हात आपसूक वळला, तोंडातून केशवाय नमः निघालं आणि पहिला घोट पोटात. नारायणाय नमः, दुसरा घोट. घशाला आग लागल्याचं लक्षात आलं तोवर माधवाय नमःसुद्धा आत गेला होता. चौथ्या वेळचं पाणी हातावरून सोडायचं असतं, एवढ्यावर निभावलं. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. "बाटलीवर अल्कोहोल लिवलंय, जावईबापू. मी पिऊन बसलोय, आणि यजमान आत पाटावर बसलेत." एवढ्याशानं काही होत नाही, पाणी प्या, असं मी म्हणालो. पण हा अल्कोहोल दारूतलाच का, यावर मला होय म्हणावं लागलं, आणि अशानं वास्तुशांत चालते का, यावर माझं रसायनशास्त्र गप्प झालं. पूजा पार पडली. घरी येऊन त्यांनी प्रायश्चित्त म्हणून पंचगव्य घेतलं. त्यातल्या गोमूत्राचा तोंडाला वास राहिला असेल, ही नवी शंका आली, आणि तो जावा म्हणून त्यांनी पुन्हा तीच निळी बाटली उघडली.

अखेर मी त्यांना परभणीत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी नीट तपासून सांगितलं, की वास थोडा आहे, तो हिरड्यांचा आणि जिभेवरच्या थराचा. माउथवॉश तो थोडा वेळ झाकतं. खरं काम दोन वेळा ब्रश करण्याचं, दातांच्या फटी आणि जीभ साफ करण्याचं. घ्यायचंच तर, तुमचं तोंड बोलून बोलून कोरडं पडतं, म्हणून अल्कोहोल नसलेलं घ्या. दात किडत असते तर फ्लोराइडचं सांगितलं असतं. हिरड्यांसाठीचं औषधी माउथवॉश वेगळं असतं, ते मी सांगेन तेवढेच दिवस, नाहीतर दातांवर डाग पडतात. सासऱ्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, की म्हणजे हे घेणं विधी आहे की निषेध? त्या म्हणाल्या, घेतलं तरी चालेल, नाही घेतलं तरी चालेल. ज्याचं आयुष्य विधी आणि निषेध यांच्यात गेलं, त्याला याहून अवघड उत्तर देता आलं नसतं.

संध्याकाळी पिंगळीला परतल्यावर चहा आला. सासूबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. सासऱ्यांनी उपरण्याआडून विचारलं, अजून वास येतो का. सासूबाई म्हणाल्या, काय? त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा, काय? मग सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"ते तोंडावरचं काढा आधी. ओठ दिसल्याबिगर मला कळंना गेलंय तुमी काय बोलायलाव ते."

दिवाळीपासून त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारी बसलं की नुसतं गुणगुणल्यासारखं वाटायचं, म्हणून ओठ बघून समजून घ्यायला त्या समोर जाऊन बसल्या. तर यांनी तोंडच झाकून घेतलं. "मला वाटलं, तुमाला आता माझ्याशी बोलायचंच न्हाई," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी उपरणं खाली घेतलं, आणि एकेक अक्षर सुटं करून वासाचं विचारलं.

"वास लग्नापासूनच हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याला कोण उठून जातंय?"

आता कानाचं यंत्र आणलंय. ते शिट्टी मारतं म्हणून बरेचदा डबीतच असतं. सासरे दोन्ही वेळा दात घासतात, जीभ साफ करतात आणि माउथवॉशचं अजून ठरवतायत. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसतात. शिष्याला संथा द्यावी तसे ते शब्द तोडून तोडून दिवसाची हकिगत सांगतात, आणि सासूबाई त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत असतात. मी तिथं असलो की माझं मन भरून येतं. कधी कधी सासूबाईंना काही कळलेलं नसतं, तरी त्या मान हलवतात. सासऱ्यांना ते दिसतं. ते काही विचारत नाहीत. तेच वाक्य पहिल्यापासून, आणखी सावकाश सांगतात.