‘रूथलेस’ शब्दाचे मूळ आणि व्हरांड्यातली खुर्ची

आमच्या निपाणीच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. माझा एक विद्यार्थी आज बेळगावच्या कोर्टात वकिली करतो. माझी ओळख करून देताना त्याने मला ‘रूथलेस’ म्हटले, आणि हा शब्द बायबलातल्या एका स्त्रीच्या नावावरून आला, अशी माहितीही ठोकून दिली. टाळ्या पडल्या.

हयातभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचे? मी जागेवरूनच म्हणालो, “त्या नावाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत रूथ म्हणजे कणव, दुसऱ्याच्या दुःखाने आपला जीव कळवळणे. तो शब्द वापरातून गेला. कणव नसलेला तेवढा मागे उरला.”

“शब्दाचं ऱ्हाऊ द्या सर,” वकील हसला. “तंबाखूच्या हंगामात एका पोरीला व्हरांड्यात बसवलासा, ते तर खरं न्हवं?”

ते निव्वळ अर्धसत्य होते. ती मुलगी सकाळी आईबरोबर वखारीत तंबाखू चाळून थेट शाळेत येई. कपड्यांतल्या खकाण्याने, त्या बारीक धुळीने, आसपासची बाके शिंकून हैराण होत. मी तिला खिडकीबाहेर माझी स्वतःची खुर्ची दिली आणि हंगामभर खिडकीशी उभा राहून शिकवले. हे मेळाव्याच्या स्मरणिकेत छापून आणायचेच, असे मी ठरवले. साक्षीला तीच हवी होती.

ती आता उचगावात शिक्षिका आहे. मी बसने तिचे घर गाठले.

“व्हय सर, खुर्ची तुमचीच हुती,” पाण्याचा तांब्या ठेवत ती म्हणाली. “खिडकीतनं सगळं ऐकू यायचं.”

“मग तसे लिहून दे.”

“देते की. पण आईनं एक धुतलेला झगा पिशवीत घालून दिलता, शाळेत आल्यावर बदलाय. ते सांगाय तुमच्याकडं आलते. तुम्ही म्हणालासा, ‘बाहेर बस. वाद नको.’” ती थोडी हसली. “खुर्ची कुणाला पायजे हुती वो सर? मला पोरींच्यात बसायचं हुतं.”

त्या पिशवीची आठवण मला नाही. पण ‘वाद नको’ हे शब्द माझेच आहेत. आजही घरात मी ते रोज वापरतो.

परतल्यावर मी दोन परिच्छेद लिहिले. पहिल्यात शब्दाचे मूळ, शब्दकोशातल्या पानासह. दुसऱ्यात खुर्ची, खिडकी आणि झगा, तिने सांगितले तसे. स्मरणिकेचे काम वकिलाकडेच होते. त्याला फोन करून बजावले, “दोन्ही छापायचे. पहिल्यात तू चुकलास. दुसऱ्यात मी. एक ओळही गाळायची नाही.”

“सर, दुसरा कशाला उगाच?”

“वाद नको,” म्हणणार होतो. जीभ आवरली, आणि त्याला कारण सांगत बसलो.