आनंदकाकांच्या खोलीतला दिवा

घरोघरी नेट जोडायच्या धंद्यात मला वीस वर्षं झाली, पण कोपरीच्या नीलाकाकूंचं घर काही डोक्यातून जात नाही.

काकू शाळेत गणित शिकवायच्या. भुताखेताचा विषय निघाला की "काहीतरीच काय!" म्हणून उडवून लावायच्या. त्यांचे मिस्टर, आनंदकाका, हौशी माणूस. बेडरूमच्या छतावर त्यांनी माझ्याकडून वायफायचा डबा बसवून घेतलेला. "विठ्ठल, प्लगची वायर लोंबायला नको हं!" म्हणून मी नेटच्याच केबलमधून वीज दिली, तिचा ॲडॉप्टर हॉलमध्ये, टीव्हीमागे. काकांना सगळं समजावलं. काकूंना सांगायचं राहिलं. झक मारली मी!

पुढे काका त्याच खोलीत वारले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काकू दोन तास उन्हात हात जोडून उभ्या होत्या म्हणे. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

चार महिन्यांनी भर दुपारी काकूंचा फोन. "विठ्ठल, यांच्या खोलीतला वरचा दिवा विझत नाही रे."

मी गेलो. खोलीला कुलूप. काकूंनी उघडलं. आत पडदे ओढलेले, आणि छतावर त्या डब्याचा निळा ठिपका.

"बटणं बंद केली. खोलीचा एमसीबीसुद्धा पाडला," काकू कुजबुजल्या. "हे अडकलेत इथे. माझ्यामुळे. त्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाले, मी म्हटलं, नाटकं पुरे. रोज इथे उभी राहून माफी मागते, तरी सुटत नाहीत."

अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला बोलू? मग स्वतःचाच राग आला.

"अहो काकू, कसलं अडकणं नि काय! वीज हॉलमधून येते, नेटच्या वायरीतून!" तरातरा जाऊन मी टीव्हीमागचा ॲडॉप्टर उपटला. "गेला ना दिवा?" ओरडून विचारलं. परत आलो तर काकू अंधारात वर बघत उभ्या.

"म्हणजे इथे कुणी नव्हतंच?"

"नाही हो काकू. आता घोर सोडा."

"मग चार महिने मी माफी कुणाकडे मागत होते?"

कप्पाळ माझं! हॉलमध्ये गेलो, ॲडॉप्टर परत लावला. डबा चालू व्हायला दोनेक मिनिटं घेतो. तेवढा वेळ काकू हात जोडून उभ्या होत्या, दहाव्याला उभ्या असतील तशाच. ठिपका लागला.

"ऐकताय ना?" त्या वर बघून म्हणाल्या.

खरं सांगतो, मीही हात जोडले. काकूंना सांगायचं माझंच राहिलेलं.