स्टुलावरची इंग्रजी

इंग्रजी भाषा जन्माला घातली इंग्रजांनी, पण तिला शिस्त लावली माझ्या मामांनी, आणि तीही कटंगीच्या एका शाळेच्या व्हरांड्यात, लाकडी स्टुलावर बसून. कोणाला हसू येत असेल तर खुशाल हसा. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, आज बालाघाटला एका शाळेत तोच विषय शिकवते, आणि तरी सांगते, कॉलेजात तीन वर्षांत जे डोक्यात शिरलं नाही ते मामांनी धानाच्या शेतात, बांधीत उभं राहून दहा मिनिटांत शिरवलं. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. हुद्दा चपराशी. शिक्षण दहावी नापास, म्हणजे बाकी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत नापास. किती वेळा नापास, असं विचारलं की ते आभाळाकडे पाहून पावसाचा अंदाज घेऊ लागतात.

घंटी वाजवायची आणि पुढची घंटी होईपर्यंत बसायचं, ही नोकरी. पण मामांचं स्टूल सरकत सरकत नेमकं इंग्रजीच्या वर्गाच्या दाराशी जायचं. तीस वर्षांत इंग्रजीचे पाच मास्तर आले नि गेले. पाचांचं शिकवणं मामांनी दारातून ऐकलं आणि पाचांबद्दल त्यांचं मत एकच पडलं: "शिकवते बरा, पण त्याले सोतालेच समजून नाही राह्यलं." एखाद्याचं शिकवणं फारच असह्य झालं की ते तास पाच मिनिटं आधी संपवायचे. घंटी त्यांच्याच हातात होती.

इंग्रजीत एका वस्तूपुढे चारपाच विशेषणं लावायची तर त्यांचा क्रम ठरलेला असतो. पुस्तकात त्याचा तक्ता दिलेला असतो आणि तो कोणाच्या बापाच्या लक्षात राहत नाही. मामांनी मला तो असा सांगितला: "हे पाय बाई, आपल्या इकडं पोरगी पाह्याले जातेत, तं घरी येऊन काय सांगतेत? पयले सांगतेत, चांगली आहे. मंग उंचीनं केवढी. मंग वय. मंग रंग. मंग कोण्या गावची. आन सगळ्यात शेवटी, आतून कशाची बनली आहे ते. झालं. इंग्रजानं हे कटंगीले सोयरीक पाहूनच उचललं असन."

पुढे मलाच पाहायला लामत्याहून पाहुणे आले. मुलगा अर्धा तास झाला तरी तोंड उघडेना. मामांनी त्याला उभं राहायला लावलं, खालून वर न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत निकाल दिला: "नाईस, शॉर्ट, यंग, ब्राऊन, लामता, वुडन बॉय."

मुलाच्या काकांनी विचारलं, "वुडन मतलब?"

"लाकडाचा. बोलून नाही राह्यला नं तो."

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. "सागवान आहो," म्हणाला, आणि बसला. मी मनातल्या मनात तिथंच होकार देऊन टाकला. लग्नाला सहा वर्षं झाली, सागवान अजून फारसं बोलत नाही, पण बोललं की असंच बोलतं.

अँड, बट, बिकॉज या मंडळींवर तर मामांचा पोटच्या पोरांसारखा जीव. अर्ध्या कटंगीचे रजेचे अर्ज तेच लिहितात आणि अख्खा अर्ज एका वाक्यात लिहितात. सासू आजारी आहे अँड बैलाचा पाय मुरगळला बट मी येणारच होतो बिकॉज मला कामाची ओढ आहे, असं सुरू झालेलं वाक्य दीड पान चालतं. मी एकदा म्हटलं, "मामा, मधी कुठं तरी टिंब द्या." तर म्हणाले, "टिंब दिला का साहेब थांबते. थांबला का विचार करते. अन् विचार केला का सुट्टी गेली. त्याले थांबू द्याचाच नाही." त्यांच्या हातचा अर्ज नामंजूर झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सही करून साहेब पाणी मागतात.

आणि क्रियापदं. इंग्रजीतलं क्रियापद म्हणजे बैल, असं मामा मानतात. एकटं असलं की त्याचा स्वभाव कळत नाही, जोडीला कोण जुंपला त्यावर सगळं. 'गेट'ला 'अप' जुंपा, उठून उभा राहील. 'ऑन' जुंपा, तुमसरच्या बसमध्ये चढेल. 'अवे' जुंपा, दावं तोडून पळेल. हे पाठ व्हावं म्हणून ते घरात प्रत्येक हालचाल बोलून करायचे, आणि करून झाल्यावर भूतकाळात जाहीर करायचे. सकाळी खाटेवरून घोषणा व्हायची, "आय गॉट अप!" मामी चुलीपासून न हलता म्हणायच्या, "झाल्यागेल्या काळात उठून काय फायदा? आत्ता उठा. गाय सुटली."

एकदा वहीत ते अशा जोड्यांची यादी लिहीत होते. ब्रोक डाऊन, रॅन आऊट, गेव्ह अप, पास्ड अवे. मोडलं, संपलं, सोडलं, गेलं. यादीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "इंग्रजाचा भूतकाळ बी आपल्यासारखाच आहे वो बाई."

असा हा माणूस निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना पुन्हा दहावीच्या परीक्षेला बसला. कारण असं की शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा रिकामी झाली होती, दहावी पास असाल तर मिळेल असं साहेबांनी सांगितलं, आणि त्या जागेला पाठ असलेली खुर्ची होती. तीस वर्षं स्टुलावर काढलेल्या माणसाला पाठीचं मोल मी काय सांगू. ओपन स्कूलचा फॉर्म मी भरला. सहा महिने दर रविवारी बालाघाटहून कटंगीला जाऊन शिकवायला बसले. "पुस्तकात असं दिलं आहे," असं मी म्हणायचे. "पुस्तक चुकलं असन," असं ते म्हणायचे. पण अभ्यास केला, खोटं कशाला बोलू.

केंद्र नेमकं त्यांच्याच शाळेत आलं. पहिले अडीच तास पेपर झकास चालला. रजेचा अर्ज त्यांनी शेवटी ठेवला होता, पंगतीत लोक जिलेबी ठेवतात तसा. तेवढ्यात एका मुलीनं पाणी मागितलं. पर्यवेक्षक बाहेरगावचे. त्यांनी मान वर न करता दाराकडे हाक दिली, "अरे, कोई है? पानी लाओ जरा।"

व्हरांड्यात कोणी नव्हतं. मामा उठले.

पेनाला टोपण लावलं, हँडपंपावर गेले, कॅन विसळली, भरली, आणि एकेका बेंचापाशी थांबून चाळीस जणांना पाणी पाजलं. पर्यवेक्षकांना ते शाळेचे चपराशीच वाटले, आणि ते होतेच. शेवटी एका बेंचापाशी येऊन त्यांनी गिलास भरला, तर बेंचावर माणूस नाही. नुसता पेपर पडलेला. हा कोण उठून गेला म्हणून त्यांनी रोल नंबर वाचला.

तो त्यांचाच होता. बसून अर्जाची पहिली ओळ लिहिली आणि वेळ संपला.

निकाल मी मोबाईलवर पाहिला. सहा मार्कांनी गेले. ती जागा कटंगीतल्याच दुसऱ्या कोणाला मिळाली. मला इतका राग आला की मी सरळ गाडी काढली आणि त्यांच्या दारात उभी राहून भांडले. "मामा, तुमी परीक्षेले बसले होते. उठले काहून?"

मामा सुपारी कातरत होते. कातरून झाल्यावर म्हणाले, "मले वाटलं, मलेच बोलावलं." मग सुपारी माझ्यापुढे करत, "'कोई है' म्हटलं का मीच असतो नं बाई."

मामींनी आतून चहा पाठवला, तो मी गुपचूप प्यायले.

या वर्षी फॉर्म पुन्हा भरलाय. आता खुर्ची नाही, काही नाही, नुसती मार्कशीट. निवृत्त होण्याआधीची ही शेवटची खेप. मी त्या दिवसाची रजा टाकली आहे आणि केंद्राच्या साहेबांना विचारूनही ठेवलंय. हॉलच्या दाराशी कॅन घेऊन मी उभी राहणार. आतून हाक आली की मी जाईन, मामांनी पेपरातून मान वर काढायची नाही, असं त्यांना मी बजावून सांगितलं.

"हौ," म्हणाले. मग माझ्याकडे जरा काळजीनं पाहत विचारलं, "पण तुले ऐकू येईन का बाई? तुले त्या हाकेची सवय नाही."